बेंदराच्या दिवशीचा ताणा

आमच्या वस्तीला तेव्हा नाव नव्हतं. गावाबाहेरचं एक जोंधळ्याचं शेत मालकानं तुकडे पाडून विकलं आणि त्या तुकड्यांना प्लॉट म्हणायला आम्ही शिकलो, एवढंच. सोलापुरात कुणी घर विचारलं की 'पलीकडच्या रानात' असं सांगावं लागे. कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करणाऱ्या माणसाला ते सांगताना जीभ जड व्हायची. त्यातून पावसाळा. काळ्या मातीची ती गल्ली चार सरी पडल्या की माणसाला धरून ठेवायची. एका आषाढात माझी एक वहाण तिच्यात गेली, ती उन्हाळ्यात परत मिळाली. तोवर दुसरी मी वैतागून फेकून दिलेली.

पण गल्ली सरळ होती, हे मान्य केलं पाहिजे. मालकानं दोर लावून आखली होती. तिच्यात वाकडं काही असेल तर ती आम्ही राहायला आलेली माणसं.

आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णांचं घर. अण्णा म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर. घरात हातमाग, मागावर ते आणि कांड्या भरायला त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे. आम्ही प्लॉट घेतला तो घर बांधायला. अण्णांनी घेतला तो गल्लीसाठी. लुगडं विणायचं तर ताण्याचे उभे धागे आधी लांबच लांब पसरावे लागतात, फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंच्या कैच्यांवर तोलून धरावे लागतात, पिठाची पातळ खळ कुंच्यानं लावून उन्हात वाळवावे लागतात. याला ते पांजणी म्हणत. खळ वाळेपर्यंत त्या धाग्यांत माणूस, कुत्रं, कुणी शिरता कामा नये. जुन्या पेठेत थोरल्या भावाच्या घरी असताना बोळ एक आणि ताणे अनेक. आधी भावाचा, मग पुतण्यांचा, आणि ऊन कलल्यावर अण्णांचा. ओला ताणा मागावर चढला की धागा तुटणार, धागा तुटला की भाऊ बोलणार.

"हितं कुणाच्या मागनं उभं ऱ्हायचं न्हाय बगा," अण्णा मला म्हणाले होते. "ऊन माजं, गल्ली माजी."

अक्का त्याहून स्पष्ट. "त्या घरात मी आता पाणी प्यायलासुदिक जायची न्हाय."

मी रोज सकाळी कामावर निघालो की त्यांचा ताणा गल्लीभर पसरलेला असे, आणि मी रुमाल सांभाळत त्याच्या कडेनं, कैचीपाशी पार कमरेत वाकून पलीकडे जात असे. आमच्या घरातून त्यावर शेरा यायचा. "सायबापुढे वाकता तेवढे पुरे आहे की. इथे तरी जरा दमानं वाका, टोपी नाही, रुमाल आहे तो."

तर अशा या गल्लीत सुधारणा करायची असं ठरलं. पुढाकार निवृत्त हेडमास्तरांचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं, त्यामुळे चिखल सगळ्यांत आधी त्यांना दिसायचा आणि सगळ्यांत कमी तुडवावा लागायचा. त्यांच्या ओसरीवर सभा भरली. ते अध्यक्ष झाले, मी चिटणीस झालो. माझ्या घरी दौत होती, बाकी काही गुण कुणाला आढळला नव्हता. हेडमास्तर स्वावलंबनावर एवढं बोलले की मध्येच दोघेजण उठून जेवून आले. शेवटी ठरलं असं की मुरूम आणायचा आणि रविवारी आपल्या हातांनी रस्ता करायचा.

आणि केला. खरंच केला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कारकून, मास्तर, पोस्टातले एक, विणकर, सगळ्यांनी घमेली वाहिली. मी पहिल्याच रविवारी फावडं स्वतःच्या पायावर मारून घेतलं आणि पुढचं काम खाटेवर बसून सूचना करण्याचं केलं, त्यानं कामाला वेग आला असं सगळे म्हणाले. सर्वांत जास्त राबले अण्णा. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं. मी म्हटलं, "अण्णा, बसा की घटकाभर." ते म्हणाले, "बसून कसं जमतंय? चिखल उडून ताण्याला लागतोय, तो आता लागायचा न्हाय. तुमची वहाण वाचंल, माजं लुगडं वाचंल."

रस्ता झाला तेव्हा गल्ली लालसर, कोरडी, मधोमध किंचित उंच अशी दिसायला लागली. अण्णांनी तिच्यावर पहिला ताणा पसरला त्या दिवशी आम्ही सगळे अंगणात उभे राहून पाहत होतो. खालून धूळ नाही, चिखल नाही. अक्कानं घराघरांत शेंगदाण्याचे लाडू दिले. हेडमास्तर म्हणाले, "हा रस्ता म्हणजे आपल्या एकीचं प्रतीक आहे," आणि लाडू संपल्यावर पुन्हा एकदा म्हणाले.

इथपर्यंत थांबलो असतो तर बरं होतं. पण मी मालधक्क्यावर नोकरीला.

मालगाडीच्या वाघिणींतून उतरलेल्या कापसाच्या गाठी गिरण्यांकडे बैलगाड्यांतून जायच्या. गाडीवान पावतीसाठी माझ्या खिडकीशी ताटकळत बसलेले असत. त्यांना मी काय सांगावं? रुळांच्या पल्याडची वाट किती लांब, किती खड्ड्यांची, यावर ते कुरकुरत होते. मी म्हटलं, "आमच्या वस्तीतला रस्ता बघा जाऊन. आरशासारखा आहे. आम्ही स्वतः केला." स्वतः म्हणताना मी छातीवर हात ठेवला होता हेही मला आठवतं.

त्यांनी बघितला. वाघिणी पहाटेच रिकाम्या होत, म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत गाठींच्या गाड्या आमच्या गल्लीत. एकामागून एक, सगळ्या भरलेल्या. अण्णा कैच्या रोवून उभे होते, हातात कुंचा. ताणा पसरायला जागाच नाही. मी धावत गेलो आणि पुढच्या गाडीवानाला म्हणालो, "अहो, इकडून नाही जायचं. परत फिरा."

तो गाडीवरून खाली न उतरता म्हणाला, "सायेब, तुमीच तर बोलावलं की. आन् भरली गाडी घिऊन बैल मागं चालतुया व्हय?"

"थोडं थांबा तरी. ताणा वाळेपर्यंत."

"गिरणीचा भोंगा थांबतुया का बगा. तो थांबला तर आमी थांबतो."

हे त्याचं खरंच होतं. उशीर झाला की गिरणीच्या फाटकावर त्याची गाडी दिवसभर उभी राहणार. त्याच्यावर रागवायला मला काही सापडेना, म्हणून मी बैलावर रागावलो. बैलानं शेपटी उडवली आणि माझा कोट शेणानं भरला.

त्यानंतर मी जे जे केलं त्यानं अण्णांचं नुकसान थोडं थोडं वाढत गेलं. गल्लीच्या तोंडाशी मी फळी ठोकली, 'हा रस्ता खाजगी आहे, गाड्यांनी येऊ नये.' सुंदर बोरू अक्षरात. गाडीवानांना वाचता येत नव्हतं. फळीचा खांब मात्र बैल बांधायला सोयीचा होता. मग मंडळाची सभा बोलावली. हेडमास्तर म्हणाले, विषय गंभीर आहे, पण रस्ता आपण नगरपालिकेकडे सोपवण्याचा अर्ज केला आहे, सार्वजनिक वस्तू अडवणं आपल्याला शोभणार नाही. हे ते सांगत होते तेव्हा त्यांच्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या भाच्यानं गाडीवानांसाठी चहा-भज्याचं दुकान टाकलं होतं आणि अध्यक्षांच्या पुढ्यातली बशी तिथूनच आली होती. बाकीच्यांनाही गाड्या खुपत नव्हत्या. वर्दळ वाढली की प्लॉटला मोल येतं, असं पोस्टातले गृहस्थ म्हणाले. अण्णा मागे दाराशी बसले होते. हेडमास्तरांनी विचारलं, "काय अण्णा, तुमचं म्हणणं?"

अण्णा म्हणाले, "मी काय म्हणू? रस्ता मीच केलाय की."

मग मी सुचवलं, वस्तीच्या पलीकडे पडीक माळ आहे, तिथे ताणा लावा. आम्ही दोघांनी कैच्या वाहून नेल्या. जागा ऐसपैस, ऊन भरपूर. खळ लावून झाली आणि टेकाडाच्या मागून धनगराच्या शेळ्या आल्या. जोंधळ्याच्या पिठाची ताजी खळ, त्यांच्या दृष्टीनं ती गल्लीभर लांब थाळी होती. मी रुमाल सोडून हाकलायला लागलो तर एका बोकडानं रुमालही घेतला. धनगर लांबून धावत आला, हात जोडून म्हणाला, "मालक, मुकं जनावर हाय, आन् माळ तिचाच की." तेही खरंच. त्या उन्हाळ्यात मला भेटलेला प्रत्येक माणूस खरं बोलत होता, त्यामुळे काहीच करता येत नव्हतं.

आषाढात सूत देणारा व्यापारी अण्णांच्या दारी येऊन गेला. गौरी-गणपतीच्या आधी लुगड्यांचा हा एक ताणा तयार झाला पाहिजे, नाही तर यापुढे सूत दुसऱ्याला, असं शांतपणे सांगून गेला. सूत नाही म्हणजे माग नाही, आणि माग नाही म्हणजे भावाचं घर. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मागाचा आवाज नव्हता. आमच्या घरातून मला विचारणा झाली, "ऐकलंत का? अक्का आज भाकरी करीना झालीय. तुम्ही काहीतरी करा." मग लगेच, "नको. तुम्ही काही करू नका."

पण मला सुचलं होतं. बेंदूर जवळ आला होता. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गाडी नाही, नांगर नाही. सबंध दिवस गल्ली रिकामी. मी भिंतीवरून अण्णांना हाक मारून सांगितलं तेव्हा ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बेंदराच्या सकाळी सगळी गल्ली मदतीला आली. गाड्यांच्या बाबतीत जे मंडळाला करता आलं नव्हतं, त्याची भरपाई करायला आलेली माणसं होती ती, त्यांचा उत्साह मोठा होता. हेडमास्तरांनी श्रीफळ वाढवलं आणि चार शब्द बोलले. अण्णांनी सूत पसरलं. पोस्टातल्या गृहस्थांनी कैची उलटी रोवली. मी कुंचा मागून घेतला आणि जिथे खळ लावली तिथले धागे एकमेकांना असे चिकटवले की अक्काला ते बोटांनी सोडवत बसावं लागलं. "भाऊजी, तुमी सावलीत बसा," ती म्हणाली. "तुमची लई मदत झाली."

एरवी दुपारच्या आत उरकणारं काम लांबलं. त्यात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं घुसमटल्यासारखं. खळ वाळेना. अण्णा दर थोड्या वेळानं धाग्याला उलटा हात लावून बघत. पण घाई कुणालाच नव्हती. गाड्या येणार नव्हत्या.

आता सोलापुरात वाढलेल्या, दरसाल बेंदूर पाहिलेल्या एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात येऊ नये? गाड्या येत नाहीत, पण बैल येतात. दुपार कलली की धुतलेले, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल वाजतगाजत मारुतीला जातात. आणि जातात चांगल्या रस्त्यानं.

हलगी आधी ऐकू आली. मग गल्लीच्या तोंडाशी तेच गाडीवान, नव्या पटक्यात. आज त्यांच्या चेहऱ्यावर गिरणीचा भोंगा नव्हता. पुढचा तोच, ज्याच्या बैलानं माझा कोट भरला होता. ताणा बघून तो थबकला. त्यानं हलगी थांबवली.

मी म्हटलं, "आज तरी दुसरीकडनं न्या."

"कुटनं न्यू? मागं समदी बैलं हायती. आन् सणाला देव मागं फिरवत न्हाईत, सायेब." हे तो भांडून म्हणाला नाही. त्याचीही पंचाईत झाली होती.

अण्णा ताणा बघत होते. तो अजून ओला होता, गुंडाळता येणार नव्हता. ते म्हणाले, "वर उचलू. समद्यांनी एक-एक कैची धरायची आन् डोक्यावर न्यायची. खालनं बैल जाऊ द्या."

आणि तसं केलं. प्रत्येक कैचीला दोन्ही बाजूंनी माणूस, हात वर ताणलेले. गल्लीभर ओल्या धाग्यांचं छप्पर झालं. गाडीवानांनी एकेक बैल वेसणीला धरून, मान खाली दाबून हळू चालवत नेला. हलगी बंद, नुसते घुंगरू. पहिली जोडी गेली. दुसरी गेली. मला वाटायला लागलं की हे जमतंय.

मग मानाचा बैल आला. पांढरा, थोराड, कपाळावर कुंकवाचा मळवट, शिंगांना बेगड आणि गोंडे. तो हेडमास्तरांच्या समोर आला आणि हेडमास्तरांचा उजवा हात खाली आला, बैलाच्या पाठीला लागला आणि कपाळाकडे गेला. कैची कलंडली. हे मी पाहिलं, आणि मनातल्या मनात त्यांना गाढव म्हटलं. पुढे पोस्टातले. त्यांनीही. त्यांच्या समोरच्यानं दोन्ही हात जोडले. लहानपणापासून मानाचा बैल समोरून गेला आणि हात कपाळाला गेला नाही, असं आमच्यात कुणाचं झालेलंच नव्हतं. त्यात हातांनी आम्हाला विचारलं नाही. बैल माझ्यापाशी आला तेव्हा मी अजून हेडमास्तरांना मनात शिव्या देत होतो. माझे स्वतःचे हात छातीशी जोडलेले आहेत हे मला धागे डोक्यावर पडले तेव्हा कळलं.

ओला, थंड ताणा बैलाच्या शिंगांवर आला. तो बुजला. गाडीवान वेसण धरून लोंबकळला तरी बैल ताण्यासकट गल्लीच्या टोकापर्यंत गेला. अण्णा आपली कैची धरून तिथेच उभे होते. हात वरच होते. वर धरायला काही उरलं नव्हतं.

गाडीवानानं पटका काढून काखेत धरला आणि बैलाच्या शिंगांतून धागे एकेक करून सोडवायला लागला. आम्हीही रस्त्यावर बसलो आणि तुटलेली टोकं जुळवायला लागलो. कुठलं टोक कुठल्या धाग्याचं, हे आम्हाला काय कळणार. मी एक गाठ मारली तर पलीकडचे दोन धागे निसटले. अक्का माझ्या शेजारी बसून गाठी मारत होती, भराभर, बोटं दिसू नयेत इतक्या. मग तीही थांबली.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. ते बैलापाशी गेले. शिंगाला अडकलेला शेवटचा गुंता काढला. आणि मग त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि गाडीवानाला म्हणाले, "न्या. उशीर हुतोय."

श्रावण सरायच्या आत त्यांनी घराला कुलूप लावलं. माग सुटा करून त्याच गाडीवानाच्या गाडीवर चढवला. रस्ता चांगला असल्यानं तो अजिबात न हलता गेला.

पुढच्या दोन पावसाळ्यांत गाठींच्या गाड्यांनी तो मुरूम पार दळून टाकला. खालची काळी माती वर आली. चाकं रुतायला लागली तशा गाड्या रुळापल्याडच्या जुन्या वाटेला गेल्या, आणि त्यांच्यामागं भाच्याचं भज्याचं दुकान. गल्ली पुन्हा ओस झाली. लांब, सरळ, सकाळचं ऊन सगळं तिच्यावर.

मी जुन्या पेठेत गेलो. अक्का भावाच्या अंगणातल्या हौदावर घागर भरत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला. "बगा भाऊजी, पाणी प्यायला यायची न्हाय म्हनले हुते. आता सगळ्या घराचं भरतीया." अण्णा गिरणीतून आले. मी गल्ली मोकळी झाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "माग पुतण्याला दिला. गिरणीत पांजणी यंत्रावर हुतीया. ऊन लागत न्हाय, गल्ली लागत न्हाय." तरी रविवारी ते आले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, कडेकडेनं, मध्ये काही पसरलेलं असावं तसे. परत आले आणि म्हणाले, "लई चांगली हाय." मग आपल्या घराच्या कुलपाला हात लावून बघितलं आणि गेले.

त्याच दिवशी हेडमास्तरांच्या ओसरीवर सभा होती. रस्त्याची दुर्दशा झाली आहे, पुन्हा मुरूम टाकावा, असा ठराव आला. मी विरोध केला. गल्ली अशीच राहू द्या, एक माणूस कदाचित परत येईल, असं म्हणालो. सगळ्यांनी मान हलवली, सगळ्यांना वाईट वाटलं, आणि ठराव माझ्या एका मताविरुद्ध पास झाला. तो लिहून घेणं चिटणिसाचं काम होतं.

घरी येताना अण्णांच्या दारासमोर मी वाकलो. रोजच वाकत असे, तिथे काही नसलं तरी. दारात उभं राहून पाहणाऱ्या आमच्या मंडळींनी या वेळी शेरा मारला नाही.

"काय ठरलं?"

"मुरूम."

"आणि लिहिलं कुणी?"

मी बोटांवरची शाई दाखवली. तिनं हात धुवायला पाणी आणून दिलं.